जाडा, बारीक आणि आपली जीभ

फुलपाड्याच्या बाजारात एखादी जाडी बाई धापा टाकीत चालली की पोरे हसतात. मोठी माणसेही म्हणतात, "खाणं आवरत नाही, दुसरं काय!" बारीक माणूस दिसला की आपण समजतो, याला रोग नाही. मंडळी, ह्या दोन्ही समजुती तपासून पाहू.

पूर्वी जाड्या माणसाला लोक कौतुकाने म्हणत, "खात्यापित्या घरचा आहे." आज त्यालाच हसतात. शरीर तेच, लोकांचे मत बदलले.

आता पुण्याची गोष्ट ऐका. तिथल्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सोबती यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांची पाहणी सुरू केली. तिथली बाळे जन्मली तेव्हा सरासरी २ किलो ७०० ग्रॅम भरली. इंग्लंडातली बाळे साडेतीन किलोंची. पण नवल पहा! आपली बाळे मांसाने फार कमी होती, चरबीने तेवढी कमी नव्हती. वरून बारीक, आतून चरबी.

मोठ्यांचेही तसेच. २००४ साली लॅन्सेट नावाच्या विलायती वैद्यकीय साप्ताहिकात एक फोटो आला. त्यात डॉक्टर याज्ञिक आणि इंग्रज डॉक्टर जॉन युडकिन उभे होते. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. चरबी यंत्राने मोजली, तर युडकिन यांच्या अंगात शंभरात ९ भाग आणि याज्ञिकांच्या अंगात २१ भाग! म्हणून बारीक दिसणाऱ्यालाही मधुमेह होतो. तो बेसावध राहतो आणि फसतो.

आता सांगा, आईच्या पोटातल्या बाळाने आपले शरीर निवडले का? आईबापांचा बांधा मुलांत उतरतो. थायरॉइडचा आजार झाला, काही औषधे चालू असली, तरी वजन वाढते. उपास करून वजन उतरवले, तर भूक वाढते, शरीर काटकसर करू लागते आणि वजन पुन्हा चढते. कामही बदलले. भातशेतीत दिवसभर राबणाऱ्याचा नातू आता खुर्चीवर बसून काम करतो.

मग आपल्या हातात काहीच नाही का? आहे की. रोज चालावे. साखर आणि तळण कमी करावे. पोटाचा घेर टेपने मोजावा. पुरुषाचा ९० आणि बाईचा ८० सेंटिमीटरच्या वर गेला, तर सावध व्हावे. वयाची तिशी उलटली की जाड्याने आणि बारकानेही सरकारी आरोग्य केंद्रात साखर व रक्तदाब तपासून घ्यावा.

हसण्याने कोणाचे वजन उतरत नाही. उलट माणूस लाजतो, घराबाहेर पडत नाही, दवाखाना टाळतो आणि रोग वाढतो.

आणखी एक. पुण्याच्या पाहणीत ज्या गरोदर बायांच्या खाण्यात पालेभाजी आणि फळे जास्त होती, त्यांची बाळे वजनाने चांगली निघाली. आपल्याकडे सून सगळ्यांच्या मागून, उरलेसुरले जेवते. घरात गरोदर बाई असेल, तर पहिले ताट तिचे वाढा. लोकांच्या अंगाकडे पाहून बोलण्यापेक्षा तिच्या ताटाकडे पाहणे जास्त उपयोगाचे आहे.