नव्या टाकीतले विदूषक मासे

कॉलेज सुटल्यावर मी शोभेच्या माशांच्या दुकानात काम करतो. मालकांनी खाऱ्या पाण्याची नवी टाकी मांडली आणि विदूषक माशांची जोडी आणली. नारिंगी अंग, त्यावर तीन पांढरे पट्टे. पहिल्याच दिवशी धाकटा मासा थोरल्यासमोर आकडी आल्यासारखा थरथरू लागला. रात्री दोघेही कोपऱ्यात तिरके होऊन निपचित राहत. मालक औषध टाकायला निघाले.

मी ग्रंथालय गाठले. या माशांत सर्वांत मोठी ती मादी, तिच्याखालचा तो नर. मादी गेली तर नरच मादी होतो, हे हान्स व सिमोन फ्रिके यांनी १९७७ साली मांडले. थरथरणे ही धाकट्याची शरणागती. समुद्रात हे मासे समुद्रपुष्पाच्या आश्रयाने राहतात. ते नसले की कोपरा धरतात. म्हणजे हा आजार नव्हे!

आठवड्याने मात्र दोघे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले. तोही स्वभावच, असे मी समजलो. घरी वडिलांना सांगितले. त्यांनी शाळा पाहिली नाही. जन्म होडीवर गेला. म्हणाले, "अरे, आधी पाणी बघ."

तपासणीत अमोनिया निघाला. विष्ठेतून व उरल्या खाद्यातून तो होतो. त्याचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू नव्या टाकीत स्थिरावायला काही आठवडे लागतात. आम्ही घाई केली होती. पाणी बदलले, पण थोरली गेली. धाकटा वाचला.

पुस्तकाने मला थरथर समजावली. धाप मात्र वडिलांनी ओळखली.