कुंडीतला उन्हाळा (७) : दुपारी मान टाकणारा दुधी

या आठवड्यात मोगऱ्याची छाटणी सांगायचं कबूल केलं होतं. ती पुढच्या खेपेला. मध्येच साताऱ्याहून एका वाचकबाईंचं पत्र आलंय आणि त्यात चक्क घरातलं भांडण आहे. गच्चीवरचा दुधीचा वेल रोज दुपारी दोनच्या सुमारास मान टाकतो. यजमान धावत जाऊन बादलीभर पाणी ओततात. बाई म्हणतात, राहू द्या, संध्याकाळी आपला आपण सावरेल. तर खरं कोणाचं?

बाईंचं. पण यजमानांचा जीव का कासावीस होतो तेही मला ठाऊक आहे. याच घाईपायी मी एक लिंबाचं झाड मारलंय.

दुधी, काकडी, भोपळा यांची पानं रुंद आणि पातळ. ऊन चढलं की त्यांतून पाणी इतक्या झपाट्यानं उडतं, की माती ओली असूनही मुळांना तेवढा पुरवठा जमत नाही. पेशींमधला ताठरपणा जातो आणि पानं लोंबतात. ही लोंबणारी पानं जरा निरखून बघा. आडव्या पानावर डोक्यावरचं ऊन थेट पडतं, खाली लोंबलेल्या पानावर ते तिरपं आणि कमी पडतं. त्याच वेळी पानांवरची रंध्रंही मिटू लागतात. उन्हं कलली की पाणी पुन्हा वर चढतं आणि सहा-साडेसहाला वेल असा ताठ, जणू दुपारी काही झालंच नव्हतं. म्हणून वेलाची तब्येत दुपारी बघायचीच नाही, सकाळी सातला बघायची. तेव्हाही मान खालीच असेल, तर दुखणं खरं.

ते दुखणंही दोन प्रकारचं. एकात माती कोरडी ठणठणीत असते, दुसऱ्यात मातीचा चिखल होऊन मुळं कुजलेली असतात. वरून दोन्ही झाडं सारखीच मलूल दिसतात आणि इथंच माणूस फसतो.

माझं लिंबू दुसऱ्या प्रकारानं गेलं. काळ्या प्लॅस्टिकच्या पिंपात होतं. एप्रिलात पानं मरगळली म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी सुरू केलं. आणखी मरगळली, म्हणून दुपारचंही. मग पानं पिवळी पडून गळायला लागली. शेवटी पिंप आडवं केलं, तर मातीच्या गड्ड्याबरोबर गटारासारखा वास बाहेर आला. एक मूळ चिमटीत धरून ओढलं. साल मोज्यासारखी निघून हातात आली, आत नुसता दोरा उरला होता. मुळांनाही श्वास लागतो. मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की हवेला जागा राहत नाही. त्यात माती तापलेली असली की मुळांना प्राणवायू जास्त लागतो, आणि गरम पाण्यात तो विरघळतो मात्र कमी. मी दुपारी ओतत होतो ते पाणी नळीत तापून चटका बसण्याइतकं झालेलं असायचं. मातीची कुंडी असती तर माठासारखी पाझरून थोडी गार तरी राहिली असती.

गंमत म्हणजे बागायतदार हेच लिंबू मुद्दाम तहानलेलं ठेवतात. मृग बहार धरायचा असला की एप्रिल-मेमध्ये बागेचं पाणी तोडतात. याला ‘ताण देणं’ म्हणतात. झाडाची वाढ थांबते आणि पावसाचं पाणी मिळताच ते फुलावर येतं. अर्थात शेतातल्या झाडाची मुळं लांबवर पसरलेली असतात. कुंडीत हा प्रयोग करू नका. पण मान टाकली म्हणजे झाड मेलं असं नसतं, एवढं यातून घ्या.

इथवर लिहून झालं आणि परवा वळीव आला. चारपर्यंत अंगाची नुसती काहिली, मग धुळीचे लोट, मागच्या आठवड्यात बांधलेल्या शेडनेटची फडफड आणि टपोरे थेंब. अर्ध्या तासात गच्चीचे पाइप धो धो वाहायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे कुणीच पाणी घातलं नाही, मीसुद्धा. संध्याकाळी वांगी माना टाकून उभी!

हिशेब करून बघा. चांगला १० मिलिमीटर पाऊस झाला असं धरू. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर तो ९०० लिटरांहून जास्त पाणी ओततो, म्हणून पाइप वाहतात आणि आपण खूश होतो. पण १२ इंची कुंडीच्या तोंडावर त्यातलं पाऊण लिटरसुद्धा पडत नाही. त्यातही वांग्याच्या पानांचा पसारा छत्रीसारखा, बरंचसं पाणी कुंडीबाहेरच ओघळतं. माझं वांगं मे महिन्यात रोज दीड-दोन लिटर पितं. म्हणजे एवढा गाजावाजा करून आलेल्या पावसानं त्याची निम्मी तहानही भागली नाही.

आणखी एक फसवणूक. फार वाळलेली माती आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते. वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली उतरतं, तळाच्या भोकातून बाहेर येतं आणि आपल्याला वाटतं, कुंडी तृप्त झाली. आतला गड्डा कोरडाच. अशा वेळी बोटानं कडेची माती दाबून घ्यावी, थोडं पाणी घालावं, दहा मिनिटं थांबावं आणि मग उरलेलं घालावं.

ऊन बघून पाणी घातलं तर लिंबू गेलं, पाऊस बघून थांबवलं तर वांगी सुकली. २०२५ साली तर मोसमी पाऊसच २६ मे रोजी मुंबईत येऊन थडकला, ११ जून या नेहमीच्या तारखेच्या १६ दिवस आधी. ‘उन्हाळ्यात दोन वेळा पाणी’ अशी भिंतीवर लावलेली वेळापत्रकं अशा वर्षी काय कामाची?

तेव्हा साताऱ्याच्या यजमानांना एवढंच सांगणं. बादली खाली ठेवा. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा. बोटाला ओल लागली तर घरात जाऊन पंख्याखाली पडा, कोरडं निघालं तर उन्हं उतरल्यावर पाणी घाला. आणि मोगऱ्याला तोवर कात्री लावू नका.