मालेगांवच्या लुगड्याची शिकवण

उद्योगधंद्यांत नवी कल्पना कोठून येते, असें विचारिलें तर बहुतेक लोक एखाद्या थोर संशोधकाचें नांव सांगतात. जेम्स वॅटनें वाफेचें यंत्र सुधारलें, हें शाळेंतील लहान मूलही जाणतें. परंतु त्या यंत्रास लागणारें अचूक पोकळ नळकांडें वॅटला स्वतःला करतां येत नव्हतें. तें जॉन विल्किन्सन या लोखंडाच्या कारखानदारानें, तोफा कोरण्याच्या विद्येच्या आधारें करून दिलें. भांडवल, कारागीर आणि गिऱ्हाइकें हीं मॅथ्यू बोल्टन या कारखानदारानें मिळविलीं. तिघांची विद्या तीन प्रकारची होती, म्हणूनच तें यंत्र चाललें. हीच गोष्ट समजून घेण्यासाठीं इंग्लंडास जाण्याचें कारण नाहीं. आमच्या मालेगांवांतील एक लुगडें हातीं घेतलें तरी पुरे.

१७४० मध्यें नारोशंकर राजेबहाद्दर यांनीं मोसम नदीच्या कांठीं भुईकोट किल्ला बांधावयास प्रारंभ केला. त्या कामासाठीं सुरतेकडून व उत्तर हिंदुस्थानांतून कारागीर आले आणि येथेंच राहिले. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दुष्काळानें व धंदा बसल्यानें गांजलेले वाराणसीकडील मोमीन विणकर आपली कला घेऊन या गांवीं आले. सूत पुरविणारे व तयार माल विकणारे व्यापारी बहुधा मारवाडी व गुजराती होते. आणि माल घेणारी होती महाराष्ट्रांतील शेतकरी स्त्री.

येथें एक गमतीची गोष्ट ध्यानांत घ्यावी. नऊवारी लुगडें विणणाऱ्या या मोमीन विणकरांच्या स्वतःच्या घरीं नऊवारी नेसण्याची चाल नव्हती. कासोटा घालून शेतांत वाकणाऱ्या बाईस किती लांब व किती चिवट वस्त्र लागतें, मळखाऊ रंग कोणता, काठ केवढा असावा, पदर कसा शोभेल, हें त्यास आपल्या घरांत पाहून कळण्याजोगें नव्हतें. तें त्याला बाजारांतून, व्यापाऱ्याच्या तोंडून शिकावें लागे. उलट व्यापाऱ्यास मागणी ठाऊक होती, पण ताणा कसा लावावा आणि बाणा कसा भरावा, हें त्यास ठाऊक नव्हतें. "असा काठ पाहिजे," असें एकानें म्हणावें. "या सुतांत तो उठणार नाहीं, परंतु अशा रीतीनें साधेल," असें दुसऱ्यानें म्हणावें. आणि या वादांतूनच नवा काठ, नवी रंगसंगति जन्मास यावी, हाच या धंद्याचा क्रम होय. १९३५ च्या सुमारास गांवांत वीज येऊन यंत्रमाग सुरू झाले, तेव्हां तर मागाची दुरुस्ती जाणणारा जॉबर, सुतास कांजी देणारा व रंगारी यांचीही विद्या या मंडळींत मिळाली.

भिन्न लोकांच्या मेळाव्यांतून नवें कां निघतें, याचीं कारणें आम्हांस तीन दिसतात. पहिलें असें कीं, प्रत्येकाच्या डोक्यांतील अनुभवाचा सांठा निराळा असतो. दोन निराळे सांठे एकत्र आले म्हणजे तिसरी गोष्ट संभवते. दुसरें, परका मनुष्य प्रश्न विचारतो. ज्या रीतीस आपण वर्षानुवर्षें सरावलेले असतों, तिच्याविषयीं "असें कां?" हें तोच म्हणूं शकतो. तिसरें, निराळ्या धंद्याच्या मनुष्यास आपलें म्हणणें पटवावयाचें तर तें आधीं स्वतःस स्पष्ट करावें लागतें, आणि तसें करतांना त्यांतील चूक उघडी पडते. पांचामुखीं परमेश्वर म्हणतात तें खरें. परंतु पांचही मुखें एकच बोलूं लागलीं तर तीं पांच न राहतां एकच होतात.

हा भेद केवळ जातीचा किंवा धर्माचा असतो असें नव्हे. २००० साली मालेगांवांत नासिर शेख यांनीं "मालेगांव के शोले" हा विनोदी चित्रपट काढिला. ते व्हिडिओगृह चालवीत. त्यांच्या मंडळींत कोणी लेखक, तर कोणी मागावरचा कामगार. पैसा नव्हता, तेव्हां घोड्यांच्या जागीं सायकली आल्या. कॅमेरा फिरविण्यासही सायकलच उपयोगीं पडली. चित्रपटाच्या शाळेंत शिकलेल्या दहा जणांस ही युक्ति कदाचित् सुचली नसती.

परंतु निराळीं माणसें नुसतीं एका गांवांत राहिलीं म्हणजे कार्य होतें, असें कोणी समजूं नये. भेदाबरोबर गैरसमज व विलंबही येतात. २००१ ची दंगल आणि २००६ व २००८ चे बाँबस्फोट यांचें दुःख या गांवानें सोसलें आहे. मोसमच्या एका तीरावर बहुतांशीं मुसलमान व दुसऱ्या तीरावर बहुतांशीं हिंदू राहतात. पूल आहेत, पण मनें रोज पूल ओलांडतातच असें नाहीं. इकडे नऊवारी नेसणें कमी झालें, कृत्रिम धाग्याच्या स्वस्त साड्या आल्या, आणि पुष्कळ माग कोऱ्या कापडाकडे वळले. पूर्वी रंग, काठ व पदर यांचा निर्णय गांवांत होई. आतां बरेंचसें कोरें कापड रंगाई-छपाईसाठीं बाहेरगांवीं जातें, आणि नव्या कल्पनेचें मोलही तेथेंच मिळतें. लुगड्याभोवतीं जो वाद चाले तो मावळला, हें आमच्या मतें मोठें नुकसान होय. शिवाय ज्या स्त्रिया घरीं कांड्या भरीत आणि ज्या लुगडें नेसत, त्यांचें मत या मसलतींत मुद्दाम कितीसें विचारलें गेलें?

पौल प्रेषितानें करिंथकरांस लिहिलेल्या पत्रांत शरीर व त्याचे अवयव यांचा दाखला दिला आहे. त्याचें मर्म हेंच कीं, अवयव निराळे असणें हा शरीराचा दोष नसून तेंच त्याचें सामर्थ्य आहे. मात्र ते एकाच शरीरास जोडलेले असले पाहिजेत. धंद्यांतही तसेंच. सर्वांपुढें काम एक असावें, लहानास मोठ्यापुढें "हें जमणार नाहीं" असें म्हणण्याची मुभा असावी, आणि यशाचा वांटा व श्रेय ज्याचें त्यास मिळावें. या तीन गोष्टी असल्या तरच भेद फलद्रूप होतो.

विद्यार्थ्यांनो, शाळेंत एकाच बाकावर विणकराचा, शेतकऱ्याचा व दुकानदाराचा मुलगा बसतो. मुलीही त्याच वर्गांत शिकतात. विज्ञानाच्या प्रदर्शनासाठीं मंडळी निवडावयाची झाली म्हणजे नेहमींचे मित्रच न घेतां नदीपलीकडच्या एकास व एखाद्या अबोल मुलीसही अवश्य घ्या आणि त्यांचें म्हणणें शेवटपर्यंत ऐका. पालकांसही आमची विनंति आहे कीं, अशी मंडळी घरीं जमली तर तिला आनंदानें बसूं द्यावें. मालेगांवचें पुढील नवें वस्त्र कोणतें, हें आम्ही सांगूं शकत नाहीं. परंतु तें एकाच तीरावर विणलें जाणार नाहीं, एवढें मात्र निश्चित.