दीड दिवसाचा पाहुणा आणि केळीची सून

कलियुगात द्विजाने काय काय वर्ज्य करावे, याची जी लांबलचक यादी आमच्या निबंधकारांनी सिद्ध करून ठेवली आहे, तीत समुद्रगमन येते. बौधायनांच्या धर्मसूत्रात तर ते पतनीय कर्मांच्या अगदी आरंभीच बसविले आहे. मात्र हा सगळा निषेध नौकेने जाणाऱ्याला आहे. विमानाविषयी शास्त्रकार मौन पाळतात, आणि पुष्पक विमानातून समुद्र ओलांडून आलेल्या रामप्रभूंना वसिष्ठांनी प्रायश्चित्त सांगितल्याचे आमच्या वाचनात नाही. 2023 साली, अधिक श्रावण संपत असताना, मॉरिशस बेटावरील मराठी मंडळींचे गणेशोत्सवात कीर्तन करण्याचे निमंत्रण आले, तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांपुढे आम्ही हेच प्रतिपादन केले. आमच्याहून वडील आता घरात एकच आत्याबाई उरल्या आहेत. त्या म्हणाल्या, "शास्त्र राहू दे, पोटाचं बघ. तिथं तुला वरणभात कोण घालणार?"

प्रश्न शास्त्रार्थापेक्षा अवघड होता, हे मुक्कामी पोचताच ध्यानी आले. यजमानांनी पहिल्याच सकाळी बाजारात नेऊन वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली, पिवळसर, मऊसूत, आत डाळीचे पुरण भरलेली एक जोडी हातावर ठेवली. तिला तेथे दालपुरी म्हणतात, आणि ती नेहमी जोडीनेच घ्यावयाची असते. रूप पुरणपोळीचे, स्पर्श पुरणपोळीचा. आम्ही गणरायाचे नाव घेऊन घास घेतला, तो जिभेला जिरे, टोमॅटोचे कालवण आणि हिरव्या मिरचीचा असा काही प्रसाद मिळाला की डोळ्यांतून आनंदाश्रूंखेरीज दुसरेच अश्रू वाहू लागले. ज्या बेटावर शे-दीडशे वर्षे उसाखेरीज दुसरे पीक म्हणून दिसले नाही, तेथील पुरणात गूळ नसावा! यजमान हसून म्हणाले, "बुवा, ऊस मालकाचा होता. आमच्या पणज्याच्या वाट्याला डाळ आली." पुढे त्यांनी डाळीचे तळलेले गोळे खाऊ घातले. ते हुबेहूब आपले डाळवडे. पण फ्रेंचांच्या सहवासाने त्यांना 'गातो पिमां', म्हणजे मिरचीचा केक, असे दरबारी नाव प्राप्त झाले आहे.

मॉरिशस हे नाव 1598 साली तेथे उतरलेल्या डच खलाशांनी आपल्या राजपुत्र मॉरिसच्या सन्मानार्थ ठेवले. आमच्या भोळ्या पूर्वजांनी मात्र ते मारीच राक्षसाशी जोडले: सुवर्णमृग होऊन भुलविणारा तो मारीच. व्युत्पत्ती चुकीची, पण अर्थ इतका चपखल की व्याकरणकारानेही डोळे मिटून घ्यावेत. दगड उलटला की सोने सापडते, अशा थापा ऐकून माणसे जहाजात चढली आणि उसाच्या फडात उतरली. 1834 पासून 1920 पर्यंत सुमारे पाच लाख हिंदी मजूर करारावर या बेटाच्या वाटेने गेले. त्यांत बहुसंख्य भोजपुरी मुलखातले. तामिळ, तेलुगूही पुष्कळ. आणि मुंबई बंदरातून गेलेले आपले रत्नागिरी, सावंतवाडी, साताऱ्याकडचे लोक. पोर्ट लुई बंदरातील ज्या घाटावर ते उतरत, तो 'आप्रवासी घाट' 2006 साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतला आहे. तेथे धक्क्यावरून वर चढणाऱ्या दगडी पायऱ्या दाखवतात. त्या सोळा आहेत. देवाच्या पूजेला सोळा उपचार आणि या माणसांच्या स्वागताला सोळा पायऱ्या! वर चढताच कारकून नाव विचारी. सखाराम म्हटले की सखाराम लिही, आणि तेच पुढे कुळाचे आडनाव होई. त्यामुळे आज तेथे भेटणारा गृहस्थ आडनाव सांगतो तेव्हा तो वस्तुतः आपल्या खापरपणज्याला एकेरीत हाक मारीत असतो.

आता गणेश चतुर्थी. बेटावर या सणाची परंपरा 1896 पासूनची सांगतात, आणि सरकारी सुटी असते. पण ती चतुर्थीची नव्हे, दुसऱ्या दिवसाची, पंचमीची. कारण तेथील बहुतेक गणपती दुसऱ्या दिवशी जातात, आणि मिरवणुकीला मोकळा दिवस हवा. दीड दिवसाचा गणपती ही आपल्या कोकणातील घरगुती चाल. एका स्वतंत्र राष्ट्राच्या राजपत्रात ती सुटी होऊन बसली आहे. पुण्यामुंबईच्या मंडळांनी याचा विचार करावा असे सुचविण्याचा आमचा मुळीच मानस नाही.

पूजेला बसल्यावर आमच्यातला शास्त्री जागा झाला. संकल्पात देश आणि काल सांगावा लागतो. आम्ही जन्मभर जंबुद्वीप, भरतखंड, कृष्णेचा तीर असे घडाघडा म्हणत आलो. येथे कृष्णा कुठली? जंबुद्वीप तरी म्हणावे का? तेथील तरुण पुरोहिताने 'मॉरिशस' शब्दाला द्वीप जोडून, त्याची बिनचूक सप्तमी करून तो इतक्या निःशंकपणे उच्चारला की पाणिनीने मान डोलावली असती. देश सुटला, पण ऋतूचे काय? भाद्रपद म्हणजे वर्षा ऋतू, असे तोंडाने म्हणायचे; आणि बाहेर पाहावे तर आकाश निरभ्र, हवेत हलका गारवा, दारचा आंबा मोहरलेला! विषुववृत्ताच्या उत्तरेला जितके आपण, जवळजवळ तितकेच दक्षिणेला ते बेट. आमच्या वाईत भाद्रपदातल्या माध्यान्हीची सावली उत्तरेला पडते, तेथे ती दक्षिणेला पडली होती. ऋतू सूर्याने ठरवावा की मासाने, यावर आम्ही व पुरोहित यांनी नैवेद्य वाढलेला असताना पाऊण घटका वाद केला. शेवटी घरधनीण म्हणाली की मोदक निवताहेत, आणि तेवढ्यावर धर्मनिर्णय झाला. आम्ही मासाचा पक्ष घेतला होता आणि अजून घेतो: पूर्वजांनी महिने बरोबर नेले, ऋतू नेता येत नाहीत.

दूर्वांची जुडी घेऊन घरातला नऊ वर्षांचा नातू धावत आला. तेथील फ्रेंच वळणाच्या बोलीत या गवताला कुत्र्याचा दात म्हणतात. आम्ही दचकलो, पण वनस्पतिशास्त्रज्ञांनीही दूर्वेला 'सायनोडॉन' हे जे नाव दिले आहे, त्याचा ग्रीक अर्थ तोच आहे, हे आठवून एकवीस कुत्र्यांचे दात गजाननाच्या चरणी वाहिले. त्याच नातवाने सायंकाळी अंगणातून आरोळी दिली, "लालिन! लालिन!" ही कोणी लालन नावाची मुलगी असावी असे वाटून आम्ही कौतुकाने उठणार, तोच यजमानांनी आमच्या डोळ्यांवर आमचेच उपरणे टाकले. लालिन म्हणजे चंद्र. बेट बदलले तरी चतुर्थीचा चंद्र तोच, आणि त्याचा आळही तोच.

हा योग साधून रात्री कीर्तनाला आख्यान स्यमंतक मण्याचे लावले. सभागृह भरलेले, आरत्या तर अशा ठेक्यात आणि पाठांतराने म्हटल्या गेल्या की आमच्या गावच्या पोरांनी लाजावे. पण पूर्वरंगाला आरंभ केला आणि ध्यानी आले की समोरच्या शेकडो चेहऱ्यांवर भक्ती आहे, कौतुक आहे, अर्थ मात्र पोचत नाही. घरात क्रिओल बोली, कचेरीत इंग्रजी, वर्तमानपत्र फ्रेंच. मराठी शाळेत शिकतात, परीक्षा देतात, आणि सणाला बाहेर काढतात, ठेवणीतल्या पैठणीसारखी. मग एक मराठीचे शिक्षक आमच्या शेजारी दुभाषे म्हणून उभे राहिले. आम्ही सत्राजिताचा लोभ पाच मिनिटे अनुप्रासांसह वर्णावा आणि त्यांनी तो चार शब्दांत आटोपावा. जांबवानाच्या गुहेत आम्ही पोचण्यापूर्वीच श्रोते हसून मोकळे! चाळीस वर्षांच्या हरदासीत आपल्या विनोदाला आपल्या आधी हशा मिळण्याचा हा पहिलाच प्रसंग. त्या रात्री आम्ही अनुप्रास अर्धे केले. ते अजून अर्धेच आहेत, आणि गावचे श्रोते म्हणतात की बुवा परदेशातून सुधारून आले.

कीर्तनानंतर झाकरी झाली. कोकणात जिला जाखडी म्हणतात, तीच ही. गोल फेर, तोच पायांचा ठेका. दूर खुर्चीवर बसलेली ऐंशीच्या घरातली एक आजी बोलत नव्हती. शिक्षक म्हणाले, यांना मराठी येत नाही. आम्ही नमस्कार करून निघालो तेव्हा तिने हात वर केला आणि म्हणाली, "वाईच थांबा." आम्ही चमकून म्हटले, "आजी, आम्ही वाईचेच!" विनोद तिला कळला नाही. तिने आत जाऊन साखरेचा खडा आणला आणि हातावर ठेवला. शिक्षकांनी पृच्छा केली तेव्हा ती क्रिओलमध्ये म्हणाली की 'वाईच' ही मराठी आहे हे तिला ठाऊकच नव्हते. तिची आजी असे म्हणे, म्हणून ती म्हणते. क्रमिक पुस्तकांत हा शब्द नाही. शिक्षकांनी तो खिशातल्या वहीत लिहून घेतला, आणि पुन्हा आत जाऊन आजीजवळ बसले. आम्ही बराच वेळ बाहेर उभे होतो. आत आणखी शब्द निघत होते.

दुसऱ्या दिवशी विसर्जन. बेटाभोवती प्रवाळाचे कडे असल्याने किनाऱ्याजवळचे पाणी तळ्यासारखे शांत आणि उथळ असते. गणपतीला बुडण्याइतके पाणी मिळेपर्यंत तरुण मंडळी पार दूरवर चालत गेली. देवही न्यारी करून निघाल्यासारखा डुलत डुलत गेला.

परतल्यावर घरात जेमतेम स्थिरावतो, तोच आमचे एक जुने बंगाली शिष्य, आता कोलकात्यात संस्कृतचे प्राध्यापक, यांचे पत्र आले की गणपती एकट्याचा पाहिलात, आता त्याच्या मातोश्रींसह पाहा. कोलकात्याच्या दुर्गापूजेला 2021 साली युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. पण ती गर्दी पाहून वाटते की यादीतल्या सर्वांनी एकाच रात्री तेथे येण्याचे ठरविले असावे. मध्यरात्री दोन वाजता तान्ही मुले खांद्यावर घेऊन माणसे मंडपामागून मंडप 'ठाकूर' पाहत हिंडतात. कुमारटोलीच्या गल्ल्यांत गवताच्या सांगाड्यावर गंगेची माती चढवून घडविलेल्या त्या मूर्तींपुढे आम्ही मान वर करकरून अवघडलो. ढाक वाजू लागला की बोलणे अशक्य, आणि तो थांबतच नाही. दोन शास्त्री एकत्र आल्यावरही घरात शांतता राहिली ती याच कारणाने.

प्राध्यापकांच्या मातोश्रींनी दारात आमची पगडी पाहिली आणि पुटपुटल्या, "बोर्गी!" घरात हशा पिकला. अठराव्या शतकात, 1741 पासून दहा वर्षे, नागपूरकर भोसल्यांच्या घोडदळाने बंगालवर ज्या स्वाऱ्या केल्या, त्यांतला आपला बारगीर तेथे बोर्गी झाला, आणि त्याच्या नावाने आजही बाळांना निजवितात. कलकत्त्याने तर 1742 साली मराठ्यांच्या भयाने शहराभोवती खंदक खणायला घेतला. आम्ही नम्रपणे निवेदन केले की आम्ही सातारा जिल्ह्यातले, नागपुरातले नव्हे. शिवाय सखाराम गणेश देउस्करांनी 1904 साली 'देशेर कथा' बंगालीत लिहून आमच्या बाजूने थोडी फेड केली आहे. ठाकुमांनी विचारले, "खाणार काय?" आमचे नवरात्राचे उपवास, म्हटले, "साबुदाणा." त्यांचा चेहरा चिंतातुर झाला. त्यांच्या पिढीने साबुदाणा पाहिला तो मुख्यतः आजाऱ्याच्या वाटीत. ताप किती आहे, हे त्यांनी आमच्या कपाळाला हात लावून पाहिले. आणि 'भोगाची खिचडी' ऐकून आम्ही आशेने पुढे बसलो तर तांदळाची आणि मुगाची! तिचा नुसता वास घेऊन आम्ही अष्टमी काढली.

खरा शास्त्रार्थ सप्तमीच्या पहाटे पेटला. गंगेवर केळीच्या रोपाला स्नान घालून, लाल काठांचे पांढरे लुगडे नेसवून, डोक्यावर पदर देऊन आणतात आणि गणपतीच्या शेजारी उभी करतात. तिला म्हणतात 'कला बऊ', केळीची सून. आमचे दैवत दक्षिणेत ब्रह्मचारी, आपल्याकडे ऋद्धिसिद्धींचा नाथ, आणि बंगालात केळीचा पती! शिवाय लक्ष्मी आणि सरस्वती येथे दुर्गेच्या कन्या, म्हणजे विष्णू शंकरांचे जावई. ही सोयरीक पचविण्यास आम्हांला एक रात्र लागली. परंतु केळीबाईविषयी प्राध्यापकांनी हळूच सांगितले की ही वस्तुतः नवपत्रिका: केळ, अळू, हळद, जयंती, बेल, डाळिंब, अशोक, मानकंद आणि भात या नऊ वनस्पती एकत्र बांधलेल्या, आणि प्रत्येकीत देवीचे एकेक रूप. म्हणजे लोक जिला सून म्हणतात, ती शास्त्राने गणपतीची आई! आम्ही म्हटले, यात नवल ते काय? आमच्या कोकणात ज्येष्ठा गौर तेरड्याच्या रोपांचीच येते, लुगडे नेसते आणि गणपतीशेजारी बसते. प्राध्यापक उठून उभे राहिले. त्यांना तेरडा ठाऊक नव्हता, आम्हांला नवपत्रिका धड ठाऊक नव्हती, आणि आमचे दोघांचेही जन्म ग्रंथांत गेलेले! ढाक वाजत असताना आम्ही कागदावर लिहून लिहून बोललो. ठाकुमांचे मत मात्र शेवटपर्यंत ढळले नाही. "पदर घेतलाय म्हणजे सूनच," त्या म्हणाल्या, "आई कुठे मुलाशेजारी पदर ओढून उभी राहते?"

दशमीला आई, चारही मुले आणि ती सून सारी गंगेत गेली. महिन्याभरात त्याच गजाननाला आम्ही दुसऱ्यांदा निरोप देत होतो. 'पुढच्या वर्षी लवकर या' याच अर्थाची घोषणा तेथेही झाली, आणि आमच्या तोंडून ती मराठीतून निघाली. शेजारचा ढाकी वळून हसला. निघताना ठाकुमांनी प्रवासासाठी नारळाचे लाडू बांधून दिले, ते मोजून एकवीस, आणि प्राध्यापकांकरवी निरोप सांगितला: बोर्गीला म्हणावे, या खेपेला मागून घेतलेस, पुढच्या खेपेला साबुदाणा सोडून ये.