रॅमच्या डब्यावरचे ६००० : हमी कोणाची?

पेडण्यात किंवा डिचोलीत नवा डेस्कटॉप जोडून घेतला आणि थोड्याच दिवसांत तो मध्येच निळा पडदा दाखवू लागला, की कारणे तयार असतात. पावसाळ्यातली दमट हवा, कमी-जास्त होणारा विजेचा दाब, नाहीतर दुकानदाराने दिलेली डुप्लिकेट रॅम. या तिन्हींच्या आधी एक साधा प्रश्न विचारायला हवा, तो सहसा विचारलाच जात नाही : बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू केलेले आहे का? वेगवान रॅमच्या कितीतरी तक्रारींचे मूळ गोव्याच्या हवेत नसते. डब्यावर छापलेला वेग म्हणजे कंपनीने दिलेली हमी, या समजुतीत ते असते.

डीडीआर५ रॅमचे मानक वेग जेडेक ही संस्था ठरवते. बाजारातल्या डेस्कटॉप रॅममध्ये ते साधारण ४८०० पासून सुरू होतात आणि १.१ व्होल्टवर चालतात. डब्यावर ६००० लिहिलेली स्टिक बसवली तरी पहिल्यांदा ती ४८०० किंवा ५६०० अशा मानक वेगावरच सुरू होते. ६००० मिळवायचे तर बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो हे प्रोफाइल चालू करावे लागते, आणि त्याबरोबर व्होल्टेज बहुधा १.३५ च्या आसपास जाते. हे सरळसरळ ओव्हरक्लॉकिंग आहे. रॅमशी बोलणारा कंट्रोलर मदरबोर्डवर नसतो, तो प्रोसेसरच्या आत असतो. रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीचा अधिकृत वेग दोन स्टिकना ५२०० आहे. म्हणजे रॅमची कंपनी ६००० म्हणते, प्रोसेसरची कंपनी ५२०० म्हणते आणि मधल्या ८०० ची जबाबदारी वापरणाऱ्यावर येते. यावर कुणी म्हणेल की २०२२ मध्ये एएमडीनेच या प्रोसेसरसाठी ६००० हा सर्वांत सोयीचा वेग सांगितला होता. ते खरे आहे, आणि बहुतेक प्रोसेसर तो वेग पेलतातही. पण एकाच मॉडेलच्या दोन प्रोसेसरांतले कंट्रोलर अगदी सारखे निघत नाहीत. शेजाऱ्याच्या यंत्रावर ६००० चालते, हा आपल्या यंत्राबद्दलचा पुरावा होत नाही.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज चार स्टिकचा आहे. आधी १६ जीबीच्या दोन घेतल्या, काम वाढले, मग त्याच मॉडेलच्या आणखी दोन आणून रिकाम्या खाचा भरल्या. हिशेब बरोबर वाटतो, पण यंत्र चालूच होत नाही किंवा तासाभराने कोसळते. चार स्टिक भरल्या की रायझन ७००० चा अधिकृत वेग थेट ३६०० वर येतो, कारण प्रत्येक वाहिनीवरचा विद्युत भार वाढतो आणि संकेत अस्पष्ट होतात. शिवाय मॉडेलचे नाव तेच असले तरी सहा महिन्यांनी आलेल्या मालात आतल्या चिप दुसऱ्या कंपनीच्या असू शकतात. एकत्र तपासलेली असते ती एका डब्यातली जोडी. दोन डबे मिळून कुणीच तपासलेले नसतात. ६४ जीबी हवे असतील तर जुनी जोडी विकून ३२ च्या दोन घ्याव्यात आणि त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवाव्यात. बहुतेक बोर्डांची रचना याच खाचा धरून केलेली असते.

विंडोज उघडले म्हणजे रॅम ठीक, हेही चूक. उलट, पहिल्यांदा चालू करताना पडदा काही मिनिटे काळा राहिला म्हणून रॅम मेली असेही नाही. त्या वेळात बोर्ड प्रत्येक तारेवरची वेळ जुळवत असतो, आणि नेमके तेव्हाच घाईने बटण दाबून यंत्र बंद केले जाते. खरा धोका न दिसणाऱ्या चुकांचा आहे. गूगलच्या सर्व्हरांवरील २००९ च्या अभ्यासात दरवर्षी सुमारे ८ टक्के मॉड्यूलमध्ये चुका नोंदल्या गेल्या, आणि ती चुका ओळखणारी, दुरुस्त करणारी ईसीसी रॅम होती. घरच्या यंत्रात तशी नोंद होत नाही. डीडीआर५ मध्ये ईसीसी असते असे सांगितले जाते, पण ती चिपच्या आतल्या चुका सुधारते. स्टिक आणि प्रोसेसर यांच्यामधल्या वाटेत बिघडलेला बिट तिला दिसत नाही. लग्नाचे किंवा दशावतारी नाटकाचे चित्रीकरण संपादित करणाऱ्याची फाइल खराब सेव्ह झाली, तर ते कळते ती पुन्हा उघडल्यावर. म्हणून रॅम तपासणारे मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवावे आणि त्यानंतर ग्राफिक्स कार्डावर ताण देऊन विंडोजमध्येही चाचणी घ्यावी, कारण त्या कार्डाची ऊब वर बसलेल्या रॅमला लागते.

इथेच हवामानाचा खरा भाग येतो. रॅममधला प्रत्येक बिट हा एक सूक्ष्म विद्युतभार असतो, तो गळतो आणि पुन्हा पुन्हा भरावा लागतो. उष्णता वाढली की गळती वाढते, म्हणून ८५ अंशांच्या वर तो दुप्पट वेळा भरावा असे मानक सांगते. वेगासाठी हे भरणे हाताने लांबवलेले असेल, तर ८५ अंशांच्या बऱ्याच आधी चुका होतात. डिसेंबरच्या रात्री घेतलेली चाचणी मे महिन्याच्या दुपारी लागू पडत नाही. खोली जितकी तापते, साधारण तितकीच स्टिकही तापते. डिचोलीच्या खाणपट्ट्यातली लाल धूळ पंख्यांत आणि जाळीत साचली की तोच परिणाम होतो. मोरजी-हरमलच्या खाऱ्या हवेने धातू गंजतो हेही नाकारता येत नाही. पण रॅमच्या टोकांवर सोन्याचा मुलामा असतो, तो दमट हवेने गंजत नाही. खोडरबराने घासल्यावर यंत्र चालू होते ते बहुतेकदा स्टिक काढून नीट बसवल्यामुळे. घासण्याने मुलामा झिजतो आणि रबराचा चुरा खाचेत जातो. विजेच्या दाबाचेही तसेच. चांगला पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्ट सहज सांभाळतो, आणि डीडीआर५ स्टिकवर तर व्होल्टेज नेमके ठेवणारी स्वतःची चिप असते. अचानक वीज जाण्याने फायली बिघडतात, त्यासाठी यूपीएस हवाच. पण त्याने अस्थिर रॅम स्थिर होत नाही.

व्होल्टेज वाढवले की सगळे जुळते, हा सल्ला मात्र घातक आहे. २०२३ मध्ये काही रायझन ७८००एक्स३डी प्रोसेसर जळाले. एक्स्पो चालू केल्यावर काही बोर्ड आपणहून एसओसी व्होल्टेज, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या रॅम कंट्रोलरला मिळणारे व्होल्टेज, फार चढवत होते, आणि एएमडीला १.३ व्होल्टची मर्यादा घालावी लागली. बायोस अद्ययावत ठेवण्याचे हे पुरेसे कारण आहे. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या प्रोसेसरांचा २०२४ मध्ये गाजलेला अस्थिरतेचा दोषही रॅमच्या बिघाडासारखाच दिसत असे. तेव्हा मानक वेगावरही यंत्र कोसळत असेल, तर संशय रॅमपुरता ठेवू नये.

मग वेगवान रॅम घ्यायचीच नाही का? घ्यावी, पण एक पायरी उतरायची तयारी ठेवून. ६००० वर सीएल३० म्हणजे उत्तर मिळायला लागणारा वेळ (लेटन्सी) १० नॅनोसेकंद. ५६०० वर सीएल२८ म्हणजेही १०. फरक राहतो तो वाहून नेण्याच्या क्षमतेत, सुमारे ७ टक्के, आणि रोजच्या कामात त्यातला फारच थोडा जाणवतो. उतरल्यावर टास्क मॅनेजरमध्ये वेग पाहून ठेवावा. पुढे कधी बोर्डावरचा नाण्याएवढा सेल संपला, तर वीज गेल्यावर बायोस मूळ स्थितीत जाते आणि टास्क मॅनेजरमध्ये ४८०० दिसू लागते. तेव्हा रॅम बदलू नये, सेल बदलावा.