अनुसूचीतील द्रव्ये आणि वडूजचा रुग्ण : चाळीस वर्षांचा मागोवा

जाणीव आणि संवेदना काही तासांपुरत्या मुळापासून पालटून टाकणाऱ्या एलएसडी, सायलोसायबिन यांसारख्या द्रव्यांना सायकेडेलिक म्हणतात. वैद्यकीय देखरेखीखाली त्यांचा मानसोपचारात वापर करू देणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. या द्रव्यांची गाठ पडते ती १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अमलात आलेल्या एनडीपीएस, म्हणजे गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाशी. संयुक्त राष्ट्रांच्या १९७१ च्या कराराशी सुसंगत असलेल्या या कायद्याच्या आठव्या कलमाने वैद्यकीय आणि शास्त्रीय वापराची वाट मोकळी ठेवली खरी, परंतु त्या वाटेने सायकेडेलिक उपचार कधीच उभा राहिला नाही. पुढे २००१ च्या दुरुस्तीने शिक्षा प्रमाणाशी जोडली गेली आणि एलएसडीचे ०.१ ग्रॅम हे व्यावसायिक प्रमाण ठरले. परिणामी, द्रव्य शोषलेल्या कागदाच्या चिटोऱ्याचे वजन त्यात धरायचे की वगळायचे, यावर मुंबई उच्च न्यायालयात युक्तिवाद झाले, आणि आजारी माणूस या साऱ्या चर्चेत कुठेच आला नाही.

हाच कायदा रुग्णासाठी वाकू शकतो, हे मात्र मॉर्फिनने दाखवून दिले. १९८५ नंतर परवान्यांच्या जंजाळामुळे देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर झपाट्याने घसरला, कर्करोगाचे रुग्ण वेदनेत तळमळत राहिले, आणि वेदनाशामक उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर २०१४ च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषधे’ हा वेगळा वर्ग निर्माण केला. मनोरुग्णांच्या बाजूने असा रेटा उभा राहिलेला नाही, ही खेदाची गोष्ट होय.

केटामाइनची कहाणी निराळी आहे. हे भुलीचे औषध काटेकोर अर्थाने सायकेडेलिक नसले तरी मनाला देहापासून सुटल्याचा अनुभव देते, आणि इतर औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यात वजनाच्या दर किलोमागे अर्धा मिलिग्रॅम या मात्रेने सुमारे चाळीस मिनिटे शिरेतून दिले जाते. २०१३ मध्ये ते औषध नियमांच्या ‘अनुसूची एक्स’मध्ये गेल्याने दुकानदाराला ते कुलूपबंद ठेवावे लागते आणि चिठ्ठीची एक प्रत दोन वर्षे जपावी लागते.

येरळाकाठच्या वडूजला, म्हणजे खटाव तालुक्याच्या मुख्य ठिकाणी, अशा उपचाराचा प्रश्न आधी अंतराचा होतो. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ चे अठरावे कलम रुग्णाला उपचारासाठी लांबचा प्रवास करावा लागू नये, असे शासनाला बजावते. प्रत्यक्षात येरवड्याचे मनोरुग्णालय येथून दीडशे किलोमीटरच्या घरात आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या आजारांतील सत्तर ते ब्याण्णव टक्के रुग्ण उपचाराविना आढळले, आणि त्या सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हताच.

ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून अधिकृत मानसोपचारतज्ज्ञांना आघातोत्तर तणावविकारासाठी एमडीएमए हे मनावर परिणाम करणारे द्रव्य आणि हट्टी नैराश्यासाठी सायलोसायबिन देण्याची मुभा दिली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मात्र ऑगस्ट २०२४ मध्ये एमडीएमएला मान्यता नाकारली. या उपचारात द्रव्याच्या अमलाखालील रुग्णाजवळ प्रशिक्षित माणसांना कित्येक तास बसून राहावे लागते, तेव्हा भारतात उद्या असा कायदा झाला तरी वडूजच्या रुग्णाशेजारी बसणारी ती माणसे कोणी घडवायची आणि त्यांचा पगार कोणी द्यायचा, हे त्याच कायद्यात लिहावे लागेल.