चुन्याचा धडा

सरकारी नोकरीच्या निमित्ताने मी कोलकात्यास आलो, तेव्हा आमच्या जुन्या इमारतीतील दप्तरखान्याची एक भिंत ओलाव्याने सोलत चालली होती. ठेकेदाराने चुन्याचा गिलावा खरवडून त्यावर भक्कम सिमेंट चढविले आणि काम चोख झाले म्हणून मीच सही केली. दोन पावसाळे गेले. सिमेंट जागच्या जागी होते. परंतु त्यामागील विटांचा भुगा होऊ लागला होता आणि भिंतीलगतच्या कपाटांतील कागदांना बुरशी धरली होती.

असे का झाले? गंगेच्या या गाळाच्या प्रदेशात दगड दुर्मीळ. म्हणून जुने कोलकाता विटांनी उभे राहिले आणि त्या विटा चुना व विटांची पूड, म्हणजे सुरखी, यांनी सांधल्या गेल्या. दिव्याच्या वातीत तेल चढावे, तसे भूमीतील पाणी भिंतीत चढते आणि सोबत क्षार आणते. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो. पाणी त्यातून वाफ होऊन निघून जाते, क्षार गिलाव्यात साचतात आणि झिजतो तो गिलावा. सिमेंट ही वाट अडविते. मग पाणी आत कोंडते, क्षारांचे स्फटिक विटेच्या पोटात वाढतात आणि तिला फोडतात. स्वतः झिजून विटेला वाचवावे, हे चुन्याचे काम; ते सिमेंटला साधत नाही.

पर्यावरणाच्या दृष्टीनेही चुना सौम्य आहे. चुनखडी भाजण्यास सुमारे ९०० अंश सेल्सिअस उष्णता पुरते; सिमेंटच्या भट्टीस सुमारे १४५० अंश लागते. शिवाय भाजताना चुनखडीतून निघालेल्या कर्बवायूचा बराचसा भाग चुना घट्ट होताना हवेतून परत घेतो. इंधनाचा धूर मात्र परत येत नाही, हेही सांगितले पाहिजे.

परंतु यावरून निसर्गजन्य ते सारे हितकारक, असा निष्कर्ष कोणी काढू नये. अजिंठ्याची चित्रे जतन करण्यासाठी निजाम सरकारने १९२० च्या सुमारास इटालियन तज्ज्ञ बोलाविले. त्यांनी चित्रांवर लाखेचे रोगण चढविले. लाख ही तर आपल्याच रानातील वस्तू! तथापि काळाने ते रोगण पिवळे पडले, मूळ रंग झाकोळले आणि ते उतरविताना पुढील रसायनतज्ज्ञांना फार कष्ट पडले.

तेव्हा खऱ्या कसोट्या दोन. दुरुस्तीचे द्रव्य मूळ वस्तूहून दुर्बळ असावे आणि उद्या ते वस्तूला न दुखविता काढता यावे. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली कोलकात्याजवळच्या श्रीरामपूर येथे छापले गेले. त्या काळच्या ग्रंथाचे पान फाटले, तर गव्हाच्या सत्त्वाची खळ आणि पातळ तंतुमय कागद यांनी ते सांधावे. ती खळ पाण्याने सुटते. चिकटपट्टीचा गोंद कागदात मुरतो आणि त्याचा डाग जन्माचा राहतो. आपल्याकडे दप्तरे रुमालात बांधीत, तीही शहाणी रीत होती. कापड धूळ अडविते, हवा अडवीत नाही. कडुनिंबाचा पाला किडीला काहीसा दूर ठेवतो. पण वरचेवर रुमाल सोडून पाहणे, याला पर्याय नाही.

आमच्या भिंतीवरील सिमेंट अखेर काढविले. त्याबरोबर विटांचे कित्येक पापुद्रेही गेले आणि काही कागद कायमचे हातचे गेले. आता तेथे चुना आहे. काही वर्षांनी तो झिजेल आणि पुन्हा लावावा लागेल. माझ्या मागून येणाऱ्या अधिकाऱ्यास ती उधळपट्टी वाटू नये, म्हणून त्याचे कारण मी फायलीत लिहून ठेविले आहे; आणि पहिल्या कामावर सही कोणाची होती, तेही.